हॅलोविनसाठी मुलांसोबत घरी भुताखेतांचा खाऊ: बिनअंड्याचं काय काय करता येईल?

अंगणवेल | २४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नाहीत आणि इकडे न्यू जर्सीत दारोदारी भोपळे येऊन बसलेत. पुढच्या शुक्रवारी, ३१ तारखेला, मुलं ट्रिक ऑर ट्रीटला, म्हणजे घरोघरी खाऊ मागायला, निघायच्या आधी दुपारी चार वाजता आमच्याकडे जमणार आहेत. एकूण अकरा मुलं, वयं ४ ते १०. शाळेत घरचं चालत नाही, पाकीटबंद आणि घटकांची यादी छापलेलंच लागतं. दारावर येणाऱ्या मुलांनाही घरी केलेलं देता येत नाही. त्यामुळे घरचा खाऊ करून घालायची वर्षातली ही एकच संधी, आणि ती मला विकतच्या केकवर घालवायची नाही.

अडचणी अशा:

सासूबाई सांगलीहून आल्या आहेत, त्या अंडं खात नाहीत. मुलांसोबत त्यांनीही खावं असं मला मनापासून वाटतं.

अकरांपैकी एकाला सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी आहे. म्हणजे बदाम, काजू, अक्रोड बंद.

आणि खरी अडचण आमची धाकटी, ४ वर्षांची. समोरच्या घराच्या अंगणात बारा फुटी सांगाडा उभा केलाय. त्या दिवसापासून ती त्या फुटपाथवरून चालतच नाही, मला रस्ता ओलांडायला लावते. मोठा ८ वर्षांचा, त्याला मात्र जितकं भयानक तितकं हवं. दोघांना एकाच ओट्यापाशी उभं करून काय करू? तुम्ही मुलांसोबत काय करता, ते सविस्तर लिहा ना.

कढीलिंब | २४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

मेरिंगची भुतं! मेरिंग म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून, भाजून केलेला कुरकुरीत गोड पदार्थ. आणि हो, बिनअंड्याची होतात, मी चार वर्षं करतेय. डब्यातल्या काबुली चण्यांचं पाणी फेकायचं नाही. त्यालाच अ‍ॅक्वाफाबा म्हणतात. २०१४ च्या सुमारास जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी या पाण्याचा फेस होतो हे दाखवलं आणि २०१५ मध्ये गूज वोल्ट या अमेरिकन माणसाने नुसतं हे पाणी आणि साखर घेऊन मेरिंग जमवलं.

एका डब्याचं पाणी (बिनमिठाचा डबा बघून घे), पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर, पाऊण कप बारीक साखर, थोडा व्हॅनिला. आधी पाणी आणि टार्टर एवढंच इलेक्ट्रिक बीटरने फेट. फेस पांढरा झाला की साखर एकेक चमचा घालत जा. घाई करू नकोस, अंड्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो, दहा-बारा मिनिटं धरून चाल. भांडं उलटं केलं तरी हललं नाही पाहिजे. मग मेंदीच्या कोनासारखा कोन भरून बटर पेपरवर एकावर एक तीन वेटोळी घालायची आणि शेंडा वर ओढून सोडायचा. २०० फॅरनहाइटवर दोन तास, नंतर ओव्हन बंद करून आतच गार होऊ दे. डोळे आणि तोंड नंतर वितळलेल्या चॉकलेटने टूथपिकने काढायचे.

कच्च्या फेसाला चण्याचा वास येतो, घाबरू नकोस. भाजल्यावर अजिबात राहत नाही.

सायसाखर | २४ ऑक्टोबर, रात्री १०:३२

कढीलिंब, माझा फेस दोनदा बसला गं. पंधरा मिनिटं फिरवूनही ताकासारखा पातळच. काय चुकलं असेल?

कढीलिंब | २४ ऑक्टोबर, रात्री १०:४१

प्लास्टिकचं भांडं होतं का? प्लास्टिकला तेलाचा ओशटपणा कितीही धुतलं तरी राहतो आणि तेलाच्या थेंबाने फेस बसतो. स्टीलचं किंवा काचेचं घे, आतून लिंबाच्या फोडीने पुसून कोरडं कर. दुसरं म्हणजे पाणीच पातळ असेल. मंद आचेवर आटवून गार कर, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत दिसलं पाहिजे. घरी भिजवून शिजवलेल्या छोल्यांचं पाणीही चालतं, फक्त शिजवताना मीठ आणि सोडा घालायचा नाही.

सायसाखर | २४ ऑक्टोबर, रात्री १०:४४

प्लास्टिकचंच होतं!! धन्यवाद.

दगडी_उंबरा | २५ ऑक्टोबर, सकाळी ७:०५ (भारत)

धाग्यात काडी टाकायची नाही, पण मनात आलं ते लिहितो. आमच्या पुण्याच्या सोसायटीतही आता हॅलोविन होतो. परदेशात राहणाऱ्यांचं मी समजू शकतो, मुलं तिथल्या शाळेत जातात. पण इथे दिवाळीचा किल्ला करायला चार मुलं जमत नाहीत आणि कवट्यांचे कपकेक करायला तीस जमतात, याचं मला वाईट वाटतं. शिवाय गोडधोड हे आपल्याकडे मंगल. त्यात बोटं, हाडं, रक्त? माझ्या आईने ताटाला हात लावला नसता.

पणजी_पाऊस | २५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

उंबराकाका, किल्ल्याचं दुःख खरं आहे. पण भयानक काही करायची हौस आपल्या मुलांना नव्हती असं नाही. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात. लाकडाचा सांगाडा, आत गवत, वर कागद, लांब जीभ, बटाट्याएवढे डोळे. ते करायला मुलं दिवसच्या दिवस खपतात आणि पहाटे तो जाळतात. मी स्वतः सहा वर्षांची असताना आमच्याच वाड्यावरच्या नरकासुराला घाबरून आजीच्या पदरात तोंड खुपसलं होतं. पुढल्या वर्षी मला त्याचे दात रंगवायला बसवलं. कागदी पुठ्ठ्याचे, एकेक वीतभर. त्यानंतर भीती उरली नाही, उलट जळताना "माझे दात!" म्हणून रडले.

आणि मग घरी येऊन पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, जिभेला त्याचा कडू थेंब लावायचा आणि वर पाच तऱ्हेचे पोहे. भीती, कडू, गोड, सगळं एकाच पहाटे.

अंगणवेल, धाकटीला दात रंगवायला बसव.

अंगणवेल | २५ ऑक्टोबर, सकाळी ८:५० (न्यू जर्सी)

पणजी_पाऊस, हे वाचून सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. गेल्या वर्षी, २०२४ ला, नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते. पहाटे उटणं आणि संध्याकाळी चेटकिणीची टोपी, असा दिवस गेला आमचा. कारीट इथे मिळत नाही, मोठ्या मुलाने चेरी टोमॅटो फोडला होता.

उंबराकाका, सासूबाईंचं म्हणणं तुमच्यासारखंच आहे. "गोडात हाडं कसली गं?" असं त्यांनी कालच विचारलं. मला त्यांचं मन मोडून काहीही करायचं नाहीये.

बालवाडीताई | २५ ऑक्टोबर, दुपारी १२:३० (नाशिक)

बावीस वर्षं ३ ते ६ वयाच्या मुलांसोबत आहे, म्हणून धाकटीबद्दल लिहिते. या वयात "ते खोटं आहे, घाबरू नकोस" याचा उपयोग होत नाही. खोटं म्हणजे काय हेच अजून पक्कं नसतं. भुताचा चेहरा तिलाच ठरवू दे. हसरा, रडका, झोपलेला, जो ती म्हणेल तो. नाव ठेवू दे. तयार झालेलं भूत अचानक समोर आणू नका, पिठापासून तिच्या हाताखाली होऊ दे. आणि मोठ्याने तिला मुद्दाम घाबरवायचं नाही, हे त्याला आधी एकट्याला बाजूला घेऊन सांगा.

कामं वयाप्रमाणे वाटा. चार वर्षांच्या मुलाला कोन दाबता येत नाही, हात थकतो आणि मग चिडचिड होते. बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने चुरायला द्या, ते काम त्यांना मनापासून आवडतं. आठ वर्षांचा मोजमाप आणि कटर, दहाचे कोन. ओव्हन फक्त मोठ्यांनी.

आणि कच्चं पीठ चाटू देऊ नका. अंडं नसलं तरी नाही. मैदा कच्चा असतो, त्यातून पोट बिघडू शकतं.

तुपाची_धार | २५ ऑक्टोबर, दुपारी २:१०

चेटकिणीची बोटं करा, पण नानखटाईच्या पिठाची! मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, तूप १३० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, वेलची, चिमूट मीठ. तूप-साखर हाताने पांढरं होईस्तोवर फेसायचं, मग पीठ. गोळा जमत नसेल तर चमचाभर दूध. तीसेक बोटं होतात.

पहिल्या वर्षी माझी बोटं ओव्हनमध्ये पसरून केळ्यांएवढी झाली होती. मुलगा म्हणाला, "आई, ही चेटकीण नाही, पैलवान आहे." कारणं दोन. मी सवयीने सोडा घातला होता आणि तूप मऊ होतं. आता सोडा-बेकिंग पावडर काहीच घालत नाही, वळलेली बोटं ताटासकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते आणि आपल्या करंगळीहून बारीक वळते. मधल्या दोन पेरांपाशी किंचित दाबायचं, सुरीने तीन-तीन आडव्या रेघा. १६० सेल्सियसला १८-२० मिनिटं. गरम असताना हात लावू नका, मोडतात.

नखाला लोक बदाम लावतात. तुमच्याकडे तो चालणार नाही, तर सोललेली भोपळ्याची बी लावा. नखाखाली स्ट्रॉबेरी जॅमचा ठिपका, म्हणजे मोठा खूश.

कढीलिंब | २५ ऑक्टोबर, दुपारी २:२५

भोपळ्याच्या बिया विकतच्या घेतल्या तर पाकीट नीट वाच. बऱ्याच पाकिटांवर "याच कारखान्यात सुकामेवा हाताळला जातो" असं असतं. साखरेच्या तयार डोळ्यांच्या पाकिटांचंही तेच. आणि मार्शमेलो, गमी अळ्या यांत जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात, सासूबाईंसाठी तेही बघ.

दाराबाहेर निळसर हिरवा भोपळा ठेवायची पद्धत माहीत असेलच, टील पम्पकिन. फेअर या अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने २०१४ पासून ती देशभर नेली. तो दिसला की या घरी खाण्याऐवजी खेळणी-स्टिकर मिळतात हे अ‍ॅलर्जीवाल्या मुलांना कळतं.

गोळी_चूर्ण | २५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

औषधांच्या दुकानात आयुष्य गेलं म्हणून एक कळकळीचं सांगणं. काळ्या रंगासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घालू नका. इंटरनेटवर काळ्या आइस्क्रीमच्या, बनच्या पाककृती फिरतात. चारकोल पोटात जे असेल ते धरून ठेवतो, औषधंसुद्धा. एखाद्या मुलाचं फिट्सचं औषध चालू असेल तर ते लागूच पडणार नाही. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये हॉटेलांतला चारकोलचा खाऊ बंद केला तो उगाच नाही.

ओव्हनशेजारी | २५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

+१. काळ्यासाठी ब्लॅक कोको वापरा, बिस्किटं अगदी कोळशासारखी होतात. त्यात आंबटपणा नसतो, त्यामुळे सोड्याऐवजी बेकिंग पावडर लागते. आयसिंगला काळं करायचं तर आधी कोकोने तपकिरी करा आणि मग काळा जेल रंग थोडाच. रात्रभर झाकून ठेवलं की रंग आपोआप गडद होतो, नाहीतर लोक ओतत सुटतात आणि आयसिंग कडू होतं.

नैसर्गिक रंगांचा माझा अनुभव: बीट ओव्हनमध्ये टिकत नाही, गुलाबी घातलं आणि मातकट निघालं. आयसिंगमध्ये छान. हळदीची एक गंमत झाली. नारिंगी केक करायला हळद घातली आणि सोडा नीट मिसळला नव्हता, तर केकभर लाल ठिपके! हळद आणि चुन्याचं कुंकू होतं तीच गोष्ट. मुलांना वाटलं मी मुद्दाम रक्त घातलं. तेव्हापासून दरवर्षी मागतात.

आणि गोकर्णाची फुलं! सुकी निळी फुलं गरम पाण्यात टाकायची, निळंशार पाणी होतं. त्यात पिठीसाखर कालवून निळं आयसिंग करायचं आणि मुलाच्या हाताने लिंबाचा थेंब टाकायचा. डोळ्यांदेखत जांभळं होतं. आमच्याकडे आयसिंग बिस्किटापर्यंत पोचलंच नाही, थेंब टाकण्यातच संपलं.

पावसाळी_डब्लिन | २६ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

हॅलोविनच्या माहेरातून लिहितेय. आयर्लंडमध्ये या दिवसांतलं घरोघरचं बेकिंग म्हणजे बार्मब्रॅक. काळ्या चहात रात्रभर भिजवलेले मनुके घातलेला पाव, आत लपवलेली अंगठी. जिच्या फोडीत अंगठी तिचं वर्षात लग्न. पूर्वी नाणं आणि चिंधीही घालत, नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे गरिबी. दुकानच्या ब्रॅकमध्येही अंगठी असते. लहान मुलांना फोड देण्याआधी ती शोधून काढा, घशात अडकेल.

भोपळा इथला नव्हेच. इथे सलगम कोरायचे. मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्या एका कोरलेल्या सलगमाचा प्लास्टरचा ठसा ठेवलाय. सुरकुतलेला, दोन-चार दात, खोल डोळे. त्याच्यापुढे तो भोपळा म्हणजे हसरं बाळ वाटतं.

सायसाखर | २६ ऑक्टोबर, दुपारी ४:००

मी मेक्सिकन साखरेच्या कवट्यांचा साचा मागवलाय. त्याही मांडता येतील ना भुतांशेजारी?

मेस्कीट | २६ ऑक्टोबर, रात्री ८:१५ (सॅन अँटोनियो)

सायसाखर, माझं मत नको असं आहे. आमच्या गल्लीत निम्मी घरं मेक्सिकन आहेत. १ आणि २ नोव्हेंबर हे त्यांचे दिवंगतांचे दिवस, हॅलोविनपेक्षा वेगळे. घरात गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, मेणबत्त्या लावतात, त्यांच्या आवडीचं जेवण ठेवतात. साखरेच्या कवट्या त्या मांडणीवर असतात, घाबरवायला नव्हे. आणि सगळीकडे झेंडू! झेंडू मूळचा तिकडचाच, त्यांच्या भाषेत सेम्पासूचिल. पहिल्यांदा शेजारणीकडे गेले तेव्हा त्या वासाने मला दसराच आठवला.

त्यांचा एक पाव असतो, पान दे मुएर्तो, मृतांचा पाव. संत्र्याच्या सालीचा वास, वर पिठाच्याच हाडांच्या पट्ट्या आणि मधे गोळा, वरून साखर. शेजारीण म्हणाली, माझ्या वडिलांना हा आवडायचा म्हणून करते. उंबराकाका, गोडात हाडं ही अशीही असतात.

दगडी_उंबरा | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

मेस्कीटताई, आपण सर्वपित्रीला आईच्या आवडीची खीर करून पान मांडतो, तेच की हे. मला हे माहीत नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

किल्ल्याचं मात्र मी सोडणार नाही.

पणजी_पाऊस | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

सोडू नकाच काका! आमच्याकडेही २ नोव्हेंबरला ख्रिस्ती शेजारी दफनभूमीत फुलं-मेणबत्त्या घेऊन जातात.

तुपाची_धार | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

फराळाचे बेसनलाडू उरले असतील त्यांनी वर यावं. लाडवाला सुरीच्या पाठीने वरून खाली आठ खाचा पाडा, वर टरबुजाची बी उभी खोचा. भोपळा तयार! केशरी रंगसुद्धा लागत नाही.

सायसाखर | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

कोरलेल्या भोपळ्याचा गर खायला वापरता येतो का?

ओव्हनशेजारी | २७ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

कोरायचे मोठे भोपळे पाणचट आणि धागेदार असतात, चव नाही. शिवाय दिवसभर दारात मेणबत्तीसकट बसलेला तर नकोच. खायला छोटा पाय पम्पकिन घ्या, त्याचे घारगेही सुरेख होतात. बिया दोन्हींच्या भाजा.

अंगणवेल | २ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

मंडळी, सगळ्यांना उत्तर द्यायला वेळ झाला नाही, आता सविस्तर लिहिते.

गुरुवारी पावसात पहिली भुतं केली. ओव्हनमधून सुरेख निघाली, मी गार व्हायला ओट्यावर ठेवली आणि तासाभरात चिकट. अंगावर तपकिरी पाझर सुटला. मोठा म्हणाला रडतायत, तशीच ठेव. शुक्रवारी सकाळी दुसरा घाणा केला, ओव्हनमध्येच गार केला आणि थेट घट्ट झाकणाच्या डब्यात. ती खुटखुटीत राहिली. छोले रात्री मुलांच्या आईवडिलांच्या कामी आले.

नानखटाईची बोटं सासूबाईंनी वळली. मी काही म्हटलं नव्हतं. मोठा एकटाच पीठ घेऊन बसला होता, त्याची बोटं तुटत होती. त्या शेजारी येऊन बसल्या, "अरे, शेवयाच्या पिठासारखं वळ, दाबू नको," म्हणाल्या आणि परातीत ओळीने अठ्ठावीस बोटं. नखांना बिया आमच्या घारग्यांच्या भोपळ्याच्याच, धुऊन, भाजून, सोलून. जॅम मात्र त्यांनी लावू दिला नाही. म्हणून सहा बोटं जॅमची मोठ्यासाठी, बाकीची बिनरक्ताची. अ‍ॅलर्जीवाल्या मुलाच्या आईने प्रत्येक पाकीट स्वतः वाचलं आणि मग त्याने पाच बोटं खाल्ली. ती दारात डोळे पुसत होती. म्हणाली, दुसऱ्याच्या घरी त्याने समोर आलेलं सगळं खाल्लं असं पहिल्यांदाच झालं.

आता धाकटी. बालवाडीताई, तुमचं शब्दशः केलं. तिने बिस्किटं चुरली, कोनाला हात लावला नाही. मग एक भूत निवडलं, सगळ्यात बुटकं, शेंडा वाकलेलं. मला म्हणाली, डोळे बंद काढ, तो झोपलाय. नाव ढब्बू. कुणालाही खाऊ दिला नाही. संध्याकाळी निघताना त्याला डब्यात घालून बरोबर घेतलं. समोरच्या अंगणाशी आल्यावर तिने माझं बोट घट्ट धरलं, पण रस्ता ओलांडायला सांगितलं नाही. सांगाड्यापासून चार पावलांवर थांबून डबा वर धरला आणि कुजबुजली, "ढब्बू, हा बघ. त्याला पण झोप आलीये."

पुढे गेली नाही, तिथूनच वळलो. आज सकाळी परत जाऊया म्हणतेय.

बालवाडीताई | २ नोव्हेंबर, रात्री ९:१५

चार पावलं पुष्कळ आहेत. पुढची तिला हवी तेव्हा घेईल.

कढीलिंब | २ नोव्हेंबर, रात्री १०:०२

ढब्बूच्या डब्यात सुक्या तांदळाची पुरचुंडी ठेव गं, ओल धरणार नाही. फ्रीजमध्ये मात्र अजिबात नको, पाझरेल. माझं एक भूत नाताळपर्यंत टिकलं होतं.